मधली गल्ली

चिठ्ठीवर होतं 'सौ. मेधा',
हंड्यावर मी ठोकलं 'सौ. मेघा'.
ध-च्या डोक्यावरची एवढीशी गाठ,
ती दिसलीच नाही मला.
बाई म्हणाल्या, मेघा माझी जाऊ,
आणि आमचं बोलणं नाही.
हंडा आता माझ्याच मोरीत असतो,
कुणाच्या तरी जावेच्या नावाने भरलेला.

तोवर माझे चष्मे दोन,
एक कपाळावर, एक गळ्यात दोरीने.
गिऱ्हाईक आलं की हा,
छिन्नी धरली की तो,
आणि दोन्ही अंगावर असताना
दुकानभर शोधायची चष्मा.

एमजी रोडच्या गार दुकानात
एका मुलाने पडद्यावर माझाच डोळा फिरवून दाखवला.
चौदा हजारांपासून सुरू, म्हणाला.
मी त्याने दिलेलं पाणी संपवून उठले.

शालिमारजवळ जिन्याखाली
मुनाफभाई तांबोळींचं दुकान,
दोन माणसं मावतात, तिसरं वाट बघतं.
त्यांनी काचेवर स्केचपेनने दोन रेघा ओढल्या:
वर लांबचं, खाली जवळचं,
आणि मधून ही वाट.
महागात हिचा रस्ता होतो, ताई,
स्वस्तात गल्ली.
कडेचं सगळं पाण्यासारखं हलेल.
डोळे फिरवायचे नाहीत, मान फिरवायची.
किती अरुंद, मी विचारलं.
राहता कुठे?
तांबट लेन.
मग काय, म्हणाले, सवय आहे.

सव्वीसशे, फ्रेम धरून.
वरची हिरवी चकाकी नको म्हटलं,
सहाशे वाचले.
हजार आगाऊ, बाकीचे भिशी लागली की.
फ्रेम निवडायला आरशात वाकले
तर बिननंबरी काचेतून मीच मला दिसेना.
ही गंमत आधी कुणी सांगत नाही:
चष्मा निवडायचा असतो
चष्म्याशिवाय.
मुनाफभाई म्हणाले, तपकिरी शोभतो.
मी विश्वास ठेवला.

बुधवारच्या बाजाराला गंगेवर उतरताना
पायऱ्या माझ्याआधी उतरू लागल्या.
हनुवटी छातीला टेकवली तेव्हा कुठे थांबल्या.
एक्कावन्नाव्या वर्षी
नव्या नवरीसारखी खाली मान घालून
मी मेथीच्या जुडीपर्यंत पोचले.
मेथीवाली हसली. हसू दे.
आठ दिवस डोकं दुखलं,
नवव्या दिवशी विसरले दुखायचं.
घरात आता कुणाशी बोलायचं तर
अख्खा चेहरा त्याच्याकडे वळवावा लागतो.
धाकटा विचारतो, आई, रागावलीस का?

काल चांदोरीचा एक पोरगा
जुनं घंगाळ घेऊन आला.
आजीच्या नावाखाली बायकोचं टाका.
खालच्या काचेत आणलं, मान जराशी सरकवली,
गल्ली सापडली.
अक्षरं अण्णांची.
ओळ नेहमीसारखी सरळ,
पण ठिपके कुठे एकावर एक दोन,
कुठे मधेच एकाची जागा मोकळी,
आणि ओळीच्या खालून एक बारीक खाच
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
शेवटच्या वर्षांत अण्णा ती सगळ्याच भांड्यांवर मारायचे.
आम्ही नक्षी समजायचो.
मी खाचेवरून बोट फिरवलं.
बोट आपोआप सरळ चाललं.

मला कशाला चष्मा, म्हणायचे,
अक्षर हातात असतं.
आणि मी चारचौघांत सांगायचे,
आमच्या अण्णांची मिजास बघा.

काय झालं, पोराने विचारलं, भांडं खराब आहे?
नाही रे.
बायकोचं नाव नीट मोठ्या अक्षरात लिहून दे,
आणि ध असेल तर गाठ काढ.
तृप्ती आहे, म्हणाला.

खाच तशीच ठेवली,
तिच्याखाली एक बोट सोडून
त-चा पहिला ठिपका मारला.
दोन्ही कडांनी भांडीबाजार हलत होता.